नेमबाजीच्या रायफलीसाठी क्लीनिंग रॉड निवडताना

५० मीटर स्मॉलबोअर, म्हणजे बारीक नळीच्या, रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळी त्या बटणात बसते की शेजारच्या कड्यात जाते, हे ठरण्यात नेमबाजाच्या श्वासाइतकाच वाटा नळीच्या अगदी टोकाच्या काठाचाही असतो. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू या काठाच्या सर्व बाजूंनी एकसारखा निसटला तर गोळी सरळ जाते; काठ एका बाजूला थोडा जरी झिजलेला असेल तर वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. या काठाला क्राऊन म्हणतात, आणि दर सफाईच्या वेळी एक लांब कांडी, म्हणजे क्लीनिंग रॉड, ज्या काठावरून ये-जा करते तोही हाच.

नळीच्या आत काय असते ते आधी पाहू. मागच्या टोकाला काडतूस बसते ते चेंबर, त्याच्या पुढे गोळी पिळात शिरते तो घसा, आणि तिथून तोंडापर्यंत रायफलिंग, म्हणजे एकाआड एक असलेले पिळदार चर आणि उंचवटे. .३० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप, इथे इंचांत) नळीत समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर ७.६२ मिमी आणि चरांच्या तळांमधले अंतर ७.८२ मिमी असते. याचा अर्थ चराची खोली अवघी ०.१ मिमी, साध्या कागदाच्या जाडीएवढी. गोळीला स्वतःभोवती फिरवण्याचे सारे काम हा कागदाएवढा उंचवटा करतो, आणि रॉड आत वाकला की तो घासतो याच उंचवट्यांच्या माथ्यांवर.

नळ्या गोळ्यांपेक्षा सफाईनेच अधिक खराब होतात, असे नेमबाजांमध्ये नेहमी ऐकू येते. मोठ्या काडतुसांच्या बाबतीत मला हे अतिशयोक्त वाटते, कारण तिथे तप्त वायू घशाचे पोलाद हळूहळू खात जातो आणि कितीही जपून सफाई केली तरी ती झीज थांबत नाही. .२२ रिमफायरची गोष्ट वेगळी आहे. तिचा दाब आणि उष्णता कमी असल्यामुळे नळी गोळ्यांनी फार सावकाश झिजते आणि निष्काळजी सफाईचा हिशेब तिथे खरोखर मोठा ठरू शकतो. शिवाय रिमफायर काडतुसाच्या कडेत जे स्फोटक मिश्रण भरलेले असते त्यात घर्षणासाठी बहुधा काचेची बारीक पूड घातलेली असते. ती पूड जळत नाही. काजळीत मिसळून नळीत राहते आणि मग रॉडला चिकटून पुढेमागे सरकते.

जुन्या लष्करी रायफलींवर ही झीज डोळ्यांनी दिसते. रशियन मोसिन-नागांत रायफलींच्या कित्येक नळ्यांची तोंडे पोलादी रॉडने इतकी झिजली होती की दुरुस्तीच्या वेळी तोंडाकडचा काही भाग आतून मोठ्या व्यासाने कोरून काढला गेला आणि निरोगी रायफलिंग जिथे सुरू होते तिथे नवा काठ तयार केला गेला. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीबरोबर नळीतून ओढायचे दोरीचे पुल-थ्रू आणि कापडाच्या चिंध्या दिल्या जात. दोरी तिरकी ओढली गेली की तीही तोंडाशी चर पाडत असे, म्हणजे दोष केवळ पोलादाचा नव्हता. साधन कोणतेही असो, ते नळीच्या मध्यरेषेतून सरकते की भिंतीला टेकून सरकते, यावरच सगळे अवलंबून आहे, आणि रॉड निवडतानाही हीच एक कसोटी मी लावतो.

रॉडला हात लावण्यापूर्वीचा नियम मात्र निवडीच्या चर्चेत हरवू नये. मॅगझिन काढावे, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढावा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, आणि काडतुसे सफाईच्या टेबलावर असूच नयेत.

रॉड वाकतो का, याचे उत्तर अभियांत्रिकीतल्या एका जुन्या सूत्रात आहे. लांब, बारीक दांड्याला टोकाकडून दाबले की ठरावीक जोरानंतर तो बाजूला फुगतो. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने त्याचा हिशेब मांडला. तो जोर तीन गोष्टींवर ठरतो: धातूचा ताठपणा, दांड्याची जाडी आणि त्याची लांबी. ताठपणाच्या मापात पोलाद साधारण २०० गिगापास्कल, पितळ १०० आणि ॲल्युमिनियम ७० असते, म्हणून त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा रॉड पोलादी रॉडच्या जेमतेम एक तृतीयांश जोरातच फुगतो. जाडीचा परिणाम याहूनही मोठा असतो, कारण तिचा चौथा घात लागतो. ५ मिमीऐवजी ६ मिमीचा रॉड घेतला तर तो दुपटीहून थोडा अधिक जोर सोसतो. लांबीचा परिणाम वर्गाने उलटा होतो. ३६ इंचांऐवजी ४४ इंचांचा रॉड घेतला की सोसण्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. दुकानात रॉड हातात घेऊन वाकवून पाहण्यापेक्षा हे तीन आकडे लक्षात ठेवणे अधिक उपयोगी आहे.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो जाडीचा: नळीत मोकळेपणाने जाईल एवढा जाडात जाड रॉड घ्यावा. .२२ च्या नळीत उंचवट्यांमधले अंतर साधारण ५.५ मिमी असते, म्हणून तिच्यासाठीचे रॉड ५ मिमीच्या आसपास असतात आणि भोवती पाव मिलिमीटरची जागा उरते. हाच रॉड .३० च्या नळीतही जातो, आणि दोन रायफली असलेला माणूस एकाच रॉडवर भागवू पाहतो ते त्यामुळेच. पण तिथे चहूबाजूंनी १.३ मिमी मोकळी जागा राहते आणि रॉडला वाकायला, नागमोडी होऊन भिंतीला टेकायला भरपूर वाव मिळतो. ज्याच्याकडे दोन कॅलिबर आहेत त्याने दोन रॉड घ्यावेत, हा सल्ला खर्चिक वाटला तरी मी त्यात सूट देत नाही.

साहित्यावरून नेमबाजांमध्ये वाद रंगतात आणि प्रत्येक बाजूला काही ना काही तथ्य असते. पितळ आणि ॲल्युमिनियम नळीच्या पोलादापेक्षा मऊ असल्याने ते नळीला ओरखडणार नाहीत, ही समजूत वरवर पटते. अडचण अशी की मऊ धातूत धूळ आणि काजळीचे कण रुततात. धुळीतले वाळूचे कण नळीच्या पोलादापेक्षा कठीण असतात; असे कण रुतलेला मऊ रॉड म्हणजे धातूवर चिकटवलेला पॉलिश पेपरच. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर तर हवेतच त्याच्या ऑक्साइडचा पातळ पण फार कठीण थर तयार होतो. उघडा पोलादी रॉड याउलट असतो: त्यात काही रुतत नाही, तो एका पुसण्यात स्वच्छ होतो आणि सर्वांत ताठ असतो, पण नळीच्या काठावर आपटला तर तो दयामाया दाखवत नाही. एकदा मर्यादेपलीकडे वाकला की तो बाकच धरतो.

नायलॉनसारख्या आवरणाचा पोलादी रॉड हा मधला मार्ग म्हणून विकला जातो आणि पुष्कळ चांगले नेमबाज तो वर्षानुवर्षे वापरतात. त्यातली एक मेख सहसा सांगितली जात नाही. नळीचा व्यास ठरलेला असल्याने आवरणाची जाडी पोलादाच्या गाभ्यातूनच वजा होते. समजा बाहेरून ५ मिमीच्या रॉडमध्ये गाभा ४.२ मिमीचा आहे, तर चौथ्या घाताच्या हिशेबाने तो अखंड ५ मिमी पोलादाच्या निम्माच जोर सोसतो. शिवाय आवरणही मऊच असते, त्यातही कण रुतू शकतात आणि टोकापाशी ते सोलवटू लागले की रॉड निवृत्त करावा लागतो. .३० च्या नळीत जागा ऐसपैस असल्याने हा तोटा फारसा जाणवत नाही; .२२ मध्ये जाणवतो.

कार्बन फायबरचा रॉड हलका असतो आणि त्याचा मोठा गुण म्हणजे तो कायमचा वाकत नाही. वाकवला तर सरळ होतो, अति केले तर तुटतो, पण बाक धरून बसत नाही. त्याची टोके धातूची असतात आणि ती गोंदाने बसवलेली असतात. कडक सॉल्व्हंट (नळीतली घाण विरघळवणारे द्रव) आणि जोराची ओढ यांनी हा सांधा सुटू शकतो आणि टोक ब्रशसकट नळीत अडकते. पृष्ठभागावर तंतू उसवू लागलेले दिसले तर असा रॉड नळीत घालू नये. अडगळीच्या ठिकाणी किंवा प्रवासात रॉडला धक्के बसणार असतील तर मी कार्बन घेईन. एका जागी टांगून ठेवायचा असेल तर पोलाद घेईन.

तुकड्यांचे, जोडून लांब करायचे रॉड नेमक्या नेमबाजीच्या रायफलीसाठी घेऊ नयेत, एवढे म्हणून हा विषय संपवता येतो. माझ्या पहिल्या रायफलीबरोबर तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड आला होता. आटे पूर्ण कसूनही सांध्यावरून नख फिरवले की कड लागत असे. ती कड दर फेरीत उंचवट्यांवरून खरवडत जाते आणि जोर दिला की रॉड सांध्यापाशीच गुडघ्यासारखा मोडतो. सहलीच्या पिशवीत आणीबाणीसाठी असा रॉड ठेवायला हरकत नाही.

लांबी मोजताना नुसती नळी मोजली तर चूक होते, कारण रॉडला नळीआधी बोल्टच्या जागेतून आणि बोर गाइडमधून, म्हणजे रॉडला मध्यरेषेवर धरणाऱ्या नळीतून, जावे लागते. बोर गाइडच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे, त्यात सुमारे ५ सेंटिमीटर मिळवावेत आणि पुढे लावायच्या जॅगची, म्हणजे चिंधी धरणाऱ्या टोकाची, लांबी वजा करावी. २६ इंची नळी म्हणजे ६६ सेंमी आणि मागचा भाग २२ सेंमी धरला, तर ८८ अधिक ५ म्हणजे ९३ होतात. जॅग ४ सेंमीचा असेल तर ८९ सेंमीचा रॉड हवा आणि ३६ इंची, म्हणजे सुमारे ९१ सेंमीचा रॉड पुरतो. ४४ इंचीही चालेल, पण त्यातले २० सेंमीहून जास्त निष्कारण बाहेर राहतील आणि धक्का देताना तोच मोकळा भाग धनुष्यासारखा फुगेल. विक्रेत्याने दिलेली लांबी मुठीसह आहे की मुठीशिवाय, हे मात्र विचारून घ्यावे.

मूठ फिरती हवी, आणि ती कशासाठी हे समजले तर तिची परीक्षाही करता येते. .२२ रिमफायरच्या नळीत पिळाचे प्रमाण बहुधा १६ इंचांत एक फेरा असे असते. २६ इंचांच्या नळीत रॉडला दीड फेऱ्याहून जास्त फिरावे लागते. .२२३ च्या ८ इंचांत एक फेरा असलेल्या नळीत तो सव्वातीन वेळा फिरतो. मूठ अडकत असेल तर ब्रशचे तंतू चराच्या वळणाने जाण्याऐवजी उंचवटे ओलांडत घसरतात आणि चराच्या कोपऱ्यातली काजळी तशीच राहते. आणखी एक खोडी आहे. उजव्या पिळाच्या नळीत पुढे ढकलताना जॅगवर जो पीळ पडतो तो त्याचे आटे सोडवण्याच्या दिशेने असतो, म्हणून सफाई करताना जॅग वारंवार सैल होत असेल तर दोष जॅगचा नसून मुठीतल्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी असते. विकत घेताना मूठ नुसती मोकळी फिरवून पाहू नये, कारण मोकळी तर सगळ्याच फिरतात. रॉडचे टोक लाकडावर टेकवून मुठीवर भार द्यावा आणि मग दांडा फिरतो का ते पाहावे.

टोकाच्या आट्यांकडे बहुतेकांचे लक्ष ब्रश बसेनासा झाला की जाते. रायफलीच्या रॉडवर सर्वांत प्रचलित माप ८-३२ हे आहे: ४.१७ मिमी व्यास आणि एका इंचात ३२ आटे. .१७ सारख्या बारीक नळ्यांच्या रॉडना ५-४० आटे असतात, काही उत्पादक ८-३६ वापरतात आणि मेट्रिक आट्यांचे रॉडही मिळतात. ८-३६ च्या टोकात ८-३२ चा ब्रश एखादा फेरा जातो आणि मग अडतो; तिथे पकड लावून पिळला की दोन्हीकडचे आटे जातात. हाताशी असलेले ब्रश आणि जॅग कोणत्या आट्यांचे आहेत ते आधी पाहून रॉड घ्यावा.

टोकाला लावायच्या वस्तूंपैकी जॅग म्हणजे चिंधी टोचून किंवा गुंडाळून नळीत सर्व बाजूंनी सारखी दाबणारे टोक. सुईच्या नेढ्यासारखी फट असलेले टोक चिंधी एका बाजूला गोळा करते आणि रॉडला मध्यरेषेवरून ढकलते, म्हणून अचूक नळीसाठी जॅग बरा. पितळी जॅगची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तांब्याचा थर काढणारे अमोनियाचे सॉल्व्हंट तांबे विरघळले की निळे होते, आणि पितळातही तांबे असतेच. मग नळी स्वच्छ झाली तरी चिंधी निळीच येत राहते आणि माणूस तासभर आपलाच जॅग विरघळवत बसतो. निकेलचा मुलामा असलेला किंवा प्लास्टिकचा जॅग वापरला की हा घोटाळा टळतो. ब्रश ब्राँझचा किंवा नायलॉनचा असावा. स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा ब्रश नळीत घालू नये. ब्रशची दिशा नळीच्या मध्येच उलटवू नये, कारण तंतू वाकून अडकतात.

आता ज्या वस्तूला रॉडइतकेच, माझ्या मते रॉडहून थोडे जास्तच, महत्त्व आहे तिच्याकडे वळू. बोर गाइड ही बोल्टच्या जागी बसणारी एक नळी असते. तिचे पुढचे टोक चेंबरमध्ये नेमके बसते, तिथली रबरी कडी सॉल्व्हंटला मागे येऊ देत नाही आणि मागचे भोक रॉडला मध्यरेषेवर धरून ठेवते. ती नसली तर रॉड चेंबरच्या कडेवर तिरका टेकतो, घशाच्या एकाच बाजूला घासतो, आणि ओघळलेले सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये व दस्त्याच्या बैठकीत उतरते. सर्व रायफलींना चालणारी सैल गाइड आणि आपल्या चेंबरच्या मापाची गाइड यांत फरक मोठा आहे: भोक रॉडपेक्षा दोन मिलिमीटर मोठे असेल तर रॉड तेवढा हलणारच आणि मार्गदर्शन नावापुरते राहील. हाताशी पैसे मोजके असतील तर साधा अखंड पोलादी रॉड आणि नेमक्या मापाची गाइड ही जोडी महागडा रॉड आणि सैल गाइड या जोडीपेक्षा नळीला जास्त जपते.

गाइड मागच्या टोकाला सांभाळते, पण पुढचे टोक हातावरच अवलंबून राहते. जॅग तोंडाबाहेर पडला, चिंधी गळली, की रॉडला आधार देणारे काही उरत नाही. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि परत ओढताना जॅगचा खांदा क्राऊनच्या खालच्या बाजूला टक्कर देतो. दर वेळी टक्कर त्याच जागी बसते, आणि एकाच बाजूची झीज हीच गोळीला बाजूला ढकलणारी झीज. म्हणून चिंधी बाहेर पडेल एवढेच पुढे जावे, आणि सावकाश मागे यावे; काही जण तर जॅग किंवा ब्रश तोंडापाशीच सोडवून नुसता रॉड मागे घेतात. नळीत नीट बसणारा जाड रॉड इथेही उपयोगी पडतो, कारण त्याला खाली बसायला जागाच कमी असते.

काही रायफलींची मागची बाजू उघडत नाही. एम-१ गॅरँड, बऱ्याच लिव्हर-ॲक्शन रायफली आणि कित्येक अर्धस्वयंचलित .२२ यांच्यात रॉड तोंडाकडूनच घालावा लागतो. अशा वेळी तोंडावर बसणारी मझल गाइड अपरिहार्य समजावी, किंवा आवरण असलेली केबल चेंबरकडून घालून तोंडाकडे ओढावी. केबल आणि पुल-थ्रू यांना फुगण्याची भीती नाही, कारण ती ढकलली जात नाहीत. मात्र ओढ नळीच्या सरळ रेषेतच हवी, ती स्वच्छ हवीत आणि तुटली तर आत अडकलेला तुकडा काढायला शेवटी रॉडच लागतो. तो तुकडा गोळी झाडून काढण्याचा विचारही करू नये. अडकलेली गोळी किंवा जिवंत काडतूस काढण्यासाठी क्लीनिंग रॉडवर हातोडी मारणे हाही तितकाच धोकादायक प्रकार आहे. ते काम शस्त्र-कारागिराचे.

१० मीटरच्या ४.५ मिमी एअर रायफलीला बहुधा रॉड लागतच नाही. दारू जळत नसल्याने काजळी नसते, शिशाचा थोडा अंश वूलच्या सफाई-गोळ्यांनी किंवा पातळ पुल-थ्रूने निघतो, आणि धातूचा रॉड आत घालून जोखीम घेण्यासारखे काही हाती लागत नाही.

रॉड घरी आणल्यावर तो काचेवर लोळवून पाहावा. काच आणि रॉड यांच्यामधली उजेडाची फट फिरताना लहानमोठी होत असेल तर तो वाकलेला आहे आणि परत करण्यासारखा आहे. ठेवताना तो मुठीकडून उभा टांगावा किंवा कठीण नळीत ठेवावा, आणि वापरताना दर फेरीनंतर कापडाने टोकापासून मुठीपर्यंत पुसावा. पहिल्या सफाईच्या वेळी, बोल्ट काढलेल्या रायफलीत गाइड बसवून, जॅग तोंडाबाहेर जेमतेम डोकावेल तिथे रॉड थांबवावा आणि गाइडच्या मागच्या काठाशी रॉडवर रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा घालावा. ब्रश उलटवण्याआधी पूर्ण बाहेर पडायला हवा असल्याने त्याच्यासाठी दुसऱ्या रंगाचा वेढा थोडा मागे, मुठीच्या बाजूला, येतो.